प्रकरण चौदावे : नारळाचा डबा

मीनलची किंकाळी ऐकून सुमेधा जिन्यावरून खाली धावली, पण काय झाले असावे हे तिला शेवटच्या पायरीवरच कळून चुकले. ओट्यावर आइस्क्रीमचा दोन लिटरचा जुना डबा उघडा पडला होता. झाकणावरच्या चिठ्ठीतले अक्षर सुमेधाचेच होते : 'खवलेला नारळ'.

"सुमेधा, ह्यात शेपूट आहे," मीनल भिंतीला पाठ लावून म्हणाली. "नारळाला शेपूट आहे!"

मीनल ही सुमेधाची भावजय. अक्कांच्या, म्हणजे सुमेधाच्या सासूबाईंच्या, पंचाहत्तरीसाठी ती आदल्या दिवशीच हॉलंडमधल्याच आम्स्टलवेनहून आइंडहोवनला मुक्कामी आली होती. तिचा नवरा अरुण पंचाहत्तर दिव्यांचे ताट घेऊन संध्याकाळी यायचा होता. वड्या करायच्या म्हणून सकाळी आठ वाजता तिने मागच्या शेडमधल्या फ्रीझरमधून डबा काढला आणि लवकर सुटावा म्हणून तो थेट रेडिएटरवर ठेवला. आता अकरा वाजून गेले होते.

"तीन तास? वहिनी, तीन तास रेडिएटरवर?"

"मग नारळ काय देव्हाऱ्यात ठेवायचा असतो? आधी सांग, हे आहे काय?"

सुमेधाला सांगता येईना. शेजारच्या हेंककाकांचा पाळीव फेरेट, मुंगसाच्या चणीचा तो पिवळसर लांबुळका प्राणी, आठ वर्षे त्यांच्या खिडकीत बसून रस्त्याकडे पाहत असे. बायको गेल्यापासून काका दिवसभर बोलत ते त्याच्याशीच. पिप त्याचे नाव. बुधवारी पिप मेला. मृण्मयी, सुमेधाची एकुलती एक मुलगी, युट्रेख्टच्या एका संग्रहालयात मेलेले प्राणी पेंढा भरून जिवंतासारखे उभे करण्याचे काम शिकत होती. तिने काकांना शब्द दिला की पिप पुन्हा खिडकीत बसेल. गुरुवारी दुपारी तिने कातडे सोडवले, गाडी गाठायची म्हणून आतली चरबी तशीच ठेवून त्याची घडी केली आणि आईला सांगितले, "डब्यावर लिही, पिप, हात लावू नये."

सुमेधाने लिहिले नारळ.

का लिहिले, हे तिचे तिला ठाऊक होते. सव्वीस वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या माहेरच्यांनी शिरीषच्या, तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, घराविषयी एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात आले होते : आई मुख्याध्यापिका, आईचे वडील चामड्याचे व्यापारी. त्या वाक्यातल्या 'व्यापारी' ह्या शब्दावर ते लग्न उभे राहिले. माहेरी कुजबुज झाली ती झाली. पण पुढे कातडे आणि हे घर ही दोन नावे एकत्र उच्चारली जाऊ नयेत ह्याची काळजी सुमेधाने जितकी वाहिली तितकी शिरीषनेही वाहिली नव्हती. आणि आज, तिच्याच वहिनीच्या हातात, तिच्याच अक्षराखाली, कातडेच निघाले.

मागचे दार वाजले. सायकल भिंतीला टेकवून मृण्मयी आत आली, फुलांचा गुच्छ हातात. तिने डबा पाहिला, मग झाकणावरची चिठ्ठी पाहिली.

"आई. मी काय लिहायला सांगितलं होतं?"

"अगं, पाहुणे येणार म्हणून..."

"पिपला नारळ लिहिलंस?" तिने घडीवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. "गरम आहे. आई, het is—" ती डचवर गेली, पण तिला कोणत्याच भाषेत पुढचा शब्द सापडला नाही. "केस सुटायला लागले की काहीच करता येत नाही. नाथिंग. मी हेंककाकांना काय सांगू? दुसरा पिप कुठून आणू?"

"मला कुणी सांगितलं असतं तर मी हात तरी लावला असता का?" मीनल म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

मृण्मयी तिला हे काम शिकवणाऱ्या बाईंना फोन लावू लागली. शनिवार होता. फोन वाजत राहिला.

*

पुढच्या खोलीत अक्का बसून होत्या. आज त्यांनी काही करायचे नाही, असा घराचा हुकूम होता, आणि दुसऱ्याचा हुकूम पाळण्याची सवय नसल्यामुळे त्यांना तो फार जड जात होता. दर वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या इथे येत, आणि विमानतळावर उतरल्यापासून घराचे वेळापत्रक त्यांच्या हाती जाई.

त्यांना किंकाळी ऐकू आली होती. पण त्यांना उठवले ते वासाने.

तो अजून कुजण्याचा नव्हता. कुजण्याच्या अलीकडचा, गोडसर, ओलसर, नाकाच्या मुळाशी बसणारा. घरातल्या दुसऱ्या कुणालाही तो आला नसता. अक्कांना तो जवळजवळ साठ वर्षांच्या पलीकडून आला. कृष्णाकाठची आळी, दारात चुन्याच्या कुंड्या, बाभळीच्या सालीचे लाल पाणी, आणि उकिडवे बसून कातड्यावर हात फिरवणारे त्यांचे वडील, आबा. व्यापारी? आबांनी जन्मात एक कातडे विकायला बाजारात नेले नाही. दलाल दारातून उचलून नेई. 'व्यापारी' हा शब्द अक्कांच्या यजमानांचा, दामोदरपंतांचा. लग्नानंतर नवी गावे, नव्या शाळा, भाड्याने खोली मागताना काहीतरी सांगावे लागे. पतीने शब्द घडवला आणि अक्कांनी तो, हाती घेतलेले कोणतेही काम निभावावे तसा, उणीव न ठेवता निभावला. पंत जाऊन सहा वर्षे झाली. शब्द राहिला.

स्वयंपाकघराच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा मृण्मयी डबा पुन्हा फ्रीझरकडे नेत होती.

"थांब."

पोर थांबली. अक्कांच्या 'थांब'पुढे एके काळी साडेचारशे मुले थांबत.

"आजी, परत फ्रीझ करते. सोमवारी वर्कशॉपमध्ये..."

"गोठवलंस तर आजचं नासणं सोमवारपर्यंत झोपेल. मरणार नाही. पुन्हा वितळलं की तिथूनच पुढे चालेल. इकडे आण."

ह्या क्षणापर्यंत अक्कांना परत फिरता आले असते. मीनल पाहत होती. सुमेधाच्या चेहऱ्यावर स्पष्ट विनवणी होती : नको, अक्का, आज नको. अक्कांनी ती वाचली. मग त्यांनी नातीच्या हातांकडे पाहिले. डबा अगदी अलगद, दोन्ही तळव्यांवर, आत कुणी झोपले असावे तसा धरलेला होता. आबा असेच धरीत.

त्यांनी इरकलीचा पदर कमरेला खोचला.

"सुमेधा, ओट्यावर वर्तमानपत्र अंथर. मागचं दार उघड, थंडी आत येऊ दे. मृण्मयी, घडी उलगड. घाई करायची नाही, ओढायचं नाही."

कातडे उलगडले. अक्कांनी पोटाच्या कडेचे दोन केस चिमटीत धरून हलकेच ओढले. ते आले. त्यांनी बोटभर वर ओढून पाहिले. ते आले नाहीत. पाठ, मान, शेपटी. कुठेच आले नाहीत.

"पोट आधी जातं. मग कान, मग ओठ. अजून पोटाच्या एका कडेलाच लागलंय." त्यांनी मान वर केली. "तास-दीड तास आहे आपल्याकडे. चरबी काढली का?"

"नाही. रविवारी काढणार होते."

"चरबीखाली मीठ पोचत नाही, आणि मीठ जिथे पोचत नाही तिथे कीड पोचते. चमचा दे. तुझी सुरी नको, हात कापतोय तुझा, भोक पाडशील. सुमेधा, लाटणं."

"लाटणं?"

"हे कातडं नळीसारखं आहे. आत काहीतरी गोल घातल्याशिवाय खरवडायचं कशावर? माझ्या डोक्यावर?"

सुमेधाने लाटणे दिले. ते तिच्या आईने पुण्याहून पाठवलेले शिसवी लाटणे होते. त्याविषयी ती काही बोलली नाही.

*

शिरीष हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. त्याला मीठ आणायला सांगण्यात आले. त्याने डायनिंग टेबलावरची मिठाची डबी आणली.

"ह्यानं एक कान होईल," अक्का म्हणाल्या. "शिवाय खायच्या मिठात हल्ली काय काय मिसळलेलं असतं. निव्वळ मीठ हवं. दोन किलो."

"सायकलनं जाऊन येतो, वीस मिनिटं."

"वीस मिनिटं नाहीत."

संगणकाच्या चिपा बनवणारी यंत्रे तयार करणाऱ्या कंपनीत बावीस वर्षे काढलेल्या शिरीषने सिंकखालचे कपाट उघडले आणि भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालायच्या मिठाचा खोका बाहेर काढला. सवयीप्रमाणे त्याने त्यावरचे बारीक अक्षर वाचले. "फक्त सोडियम क्लोराइड. दुसरं काहीही नाही. पण खडे मोठे आहेत, अक्का."

"मोठे खडे कातड्याला नुसते टेकतात. पिठासारखं हवं. मिक्सरमधून काढ."

"माझ्या मिक्सरमधून?" सुमेधा आता मात्र बोलली.

"तुझ्या मिक्सरमधून मीठच निघणार आहे, सुमेधा. पिप नाही."

हसली ती मीनल. पहिल्यांदा. हसल्याचे तिचे तिलाच आश्चर्य वाटले असावे, कारण लगेच तिने पुढे होऊन मिक्सरचे भांडे बसवले. "द्या शिरीषराव, मी काढते. मला उभं राहून नुसतं बघवत नाहीये."

मिक्सर घरघरू लागला. शिरीष आईकडे पाहत राहिला. आपण कोणत्या घरचे हे त्याला ठाऊक होते; शाळेच्या दाखल्यावर ते लिहिलेले होते. पण आईचे हात त्याला ठाऊक नव्हते. खडूचे, लाल पेनाचे, पोळीचे हात त्याने पाहिले होते. हे वेगळे होते. चमचा कातड्यावरून एका लयीत, मानेकडून शेपटीकडे, लांबच लांब जात होता आणि पांढरी चरबी त्याच्यापुढे गुंडाळली जात होती. खांदे हलत नव्हते. हात कधीच काही विसरला नव्हता.

"अक्का," तो हळू म्हणाला, "हे तू कधी केलं होतंस?"

"सतरा वर्षांची होईपर्यंत रोज." त्यांनी मान वर केली नाही. "मृण्मयी, आता कान. बोट आत घालून उलटा कर, मोज्याचं टोक उलटतात तसा. कान न उलटता मीठ लावणारा माणूस आपल्याच हातानं केस घालवतो."

मृण्मयीने कान उलटला. "आजी, आमच्या बाई सेम हेच सांगतात. एक्झॅक्टली. तुला कुणी शिकवलं?"

मिक्सर थांबला. त्या अचानक शांततेत सुमेधाने डोळे मिटून घेतले.

"माझ्या वडिलांनी," अक्का म्हणाल्या. "आबा कातडी कमवीत. आमची सगळी आळी कमवी. चुना लावला की केस जातात, मीठ लावलं की राहतात. चुन्याचं काम सगळ्यांना येई, केस राखण्याचं फक्त आबांना. आसपासच्या दहा गावांतलं मृगाजिन त्यांच्या हातचं असे. तेव्हा त्याला बंदी नव्हती. त्यावर बसून लोक संध्या करीत. ज्यानं ते केलं त्याला ओसरीवर बसता येत नसे." त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे सांगायला मला उशीर झाला. मीठ आण."

मीनल मिठाचे भांडे दोन्ही हातांत धरून उभी होती.

"आमच्या आजोबांच्या देवघरात एक होतं," ती म्हणाली. "मृगाजिन. आम्हाला शिवू देत नसत. मऊ होतं फार. मी चोरून हात फिरवायची." तिने भांडे ओट्यावर ठेवले. "ते कुणी केलं असेल, हे मात्र कधी मनात आलं नाही."

"मुलांच्या मनात येत नाही."

"मी आता एक्कावन्न वर्षांची आहे, अक्का."

त्यावर अक्कांनी तिच्याकडे नीट पाहिले, शाळेत उशिरा पण खरे उत्तर देणाऱ्या मुलीकडे पाहावे तसे. मग हातभर सरकून त्यांनी ओट्याशी जागा केली. "बाह्या वर करा. बोटांनी चोळायचं. डोळ्यांच्या कडा, ओठांची घडी, पंजे. जिथे मीठ दिसत नाही तिथे ते लागलेलं नाही, असं समजायचं."

तीन पिढ्यांतल्या चार बायका ओट्याला खेटून उभ्या राहिल्या. सुमेधा शेवटी आली. तिने शेपटी घेतली; आणि बराच वेळ मीठ चोळल्यावर, फक्त सासूला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "ती चिठ्ठी मी लिहिली, अक्का. मला वाटलं, तुमचा मान राहील."

"मीही तशीच एक चिठ्ठी लावून बसले होते," अक्का म्हणाल्या. "तुझी दोन दिवसांत उघडली, एवढंच. शेपटीच्या टोकाला मीठ लाव, तिथे विसरतेस."

साडेबाराला पाट तिरपा ठेवून त्यावर कातडे पसरले गेले, सुटणारे पाणी निथळून जावे म्हणून. पाट मागच्या शेडमध्ये, सावलीत, थंडीत. "उद्या ह्या वेळी ओलं मीठ झटकायचं, नवं लावायचं," अक्कांनी बजावले. "ऊब दाखवायची नाही. आणि डब्यात कोंडायचं तर मुळीच नाही."

*

हेंककाका सहा वाजता आले, इस्त्री केलेला शर्ट घालून. दारातच त्यांनी मृण्मयीचा हात हातात घेतला. "खेफेलिसिटेर्ट! आजीबद्दल अभिनंदन." शिरीषला म्हणाले, आईबद्दल अभिनंदन, सुमेधाला, सासूबाईंबद्दल, नुकत्याच पोचलेल्या अरुणला आणि मीनलला, नाते नीट विचारून घेऊन, त्याबद्दलही.

"वाढदिवस अक्कांचा," मीनल मृण्मयीच्या कानाशी म्हणाली. "माझं कसलं अभिनंदन?"

"इथे असंच करतात, मामी. ज्यांचं ज्यांचं ते माणूस असतं, त्या सगळ्यांचं अभिनंदन."

मग काकांनी जरा अडखळत पिपचे विचारले. मृण्मयीने आजीकडे पाहिले.

"सगळं सांग," अक्का म्हणाल्या. "रेडिएटरसकट."

तिने सांगितले. डच भाषेत, खाली मान घालून, एकही गोष्ट न वगळता. नारळ हा शब्द तेवढा मराठीतच आला. मीनलला भाषा अजून कळत नव्हती, पण आपला भाग कधी आला हे तिला कळले आणि तिने हात जोडले. काकांनी एकच विचारले : पाहू शकतो का?

शेडमध्ये दिवा लावला गेला. पाटाशी वाकून हेंककाकांनी पिपच्या पाठीवरून दोन बोटे फिरवली. केस जागचे हलले नाहीत. पोटाच्या कडेला, रुपयाएवढ्या जागी, ते गेले होते. तिथे बोट थांबले. काका काहीतरी पुटपुटले आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होते तरी हसत राहिले.

"काय म्हणतायत?" सुमेधाने घाबरून विचारले.

मृण्मयी म्हणाली, "म्हणतायत, तिथले केस विरळच होते. हिवाळाभर तो रेडिएटरवरच झोपायचा."

अक्कांनी मान हलवली. कामाची पावती मिळाल्यावर आबा हलवीत, तेवढीच.

*

औक्षणाला मीनलची पाळी चौथी आली. ताट जड होते. पंचाहत्तर कणकेचे दिवे, अरुणने गाडीत मांडीवर धरून आणलेले. तिने कुंकू लावले, अक्षता लावल्या, आणि ताट उचलण्यापूर्वी तिची नजर अक्कांच्या मांडीवरच्या हातांवर गेली. मिठाने बोटांची टोके चिरली होती. अक्कांनी ते हात आज पदराखाली घेतले नव्हते.

ताट एकदा फिरले, दोनदा फिरले. तिसऱ्या वेळी ते मध्येच थांबले.

"अक्का," मीनल म्हणाली. खोलीत सगळे होते, आणि तिने आवाज मुळीच लहान केला नाही. "तुमच्या आबांबद्दल अभिनंदन."

शिरीष खिडकीकडे वळला. सुमेधाने मृण्मयीचा दंड घट्ट धरला. अक्कांनी पंचाहत्तर ज्योतींच्या उजेडात मीनलकडे पाहिले.

मग त्यांनी तो चिरलेला हात पुढे केला आणि मीनलच्या हातांखाली कललेल्या ताटाला आधार दिला.

"ताट सरळ धर, बाळ," त्या म्हणाल्या. "तेल सांडतंय."